राजाचं पत्र आणि आजोबांची फाईल

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हा वाचा.

गेल्या महिन्यात पुतणी रात्री मोबाईल घेऊन माझ्याकडे आली. इजिप्तच्या दुसऱ्या रामसेसवरचा व्हिडिओ होता. रथात उभा राहून बाण मारणारा राजा, कादेशची लढाई, अबू सिंबेलचे ते डोंगराएवढे पुतळे. तिला सगळं पाठ झालेलं. इसवी सनापूर्वी 1274 च्या सुमाराला ही लढाई झाली, राजानं 66 वर्षं राज्य केलं, 1976 साली त्याची ममी उपचारासाठी विमानानं पॅरिसला नेली. मी आपला ऐकत होतो. शेवटी ती म्हणाली, "काका, आपल्याकडे असा कुणी होता का? म्हणजे शिवाजी महाराजांच्या खूप खूप आधी?"

म्हटलं, होता की. आपल्या घरापासून पन्नास किलोमीटरवर त्याची राजधानी होती. तू पैठणला चार वेळा जाऊन आलीस, नाथांच्या वाड्यात गेलीस, उद्यान बघितलंस, आईला पैठणी घेतानाही बरोबर होतीस. राजाचं नाव मात्र कुणी तुला सांगितलं नाही.

गौतमीपुत्र सातकर्णी.

"हां, पाडव्याच्या पोस्टरवर असतो तो!" ती म्हणाली. हे बरोबर. गुढीपाडवा जवळ आला की आपल्या शहरात चौकाचौकांत फ्लेक्स लागतात. दाढीवाला, मुकुटवाला, हातात तलवार घेतलेला शालिवाहन राजा, आणि खाली 'शकांचा निःपात करणारा'. व्हॉट्सॲपवर कुंभाराच्या घरी वाढलेल्या मुलाची गोष्ट फिरते. त्यानं मातीचे सैनिक केले, त्यांच्यात प्राण फुंकले आणि शत्रूला हरवलं. गोष्ट मलाही आवडते. माझ्या आजीनं ती मला सांगितली होती, आणि तिच्या सांगण्यात तो कुंभारवाडा अगदी आमच्या गावाशेजारीच असायचा. पण गोष्ट वेगळी आणि दगडावर कोरलेला मजकूर वेगळा. इसवी सन 78 मध्ये सुरू होणारा शक गौतमीपुत्रानं कधी वापरला नाही. त्याचे लेख त्याच्या स्वतःच्या राज्यवर्षांत आहेत, वर्ष 18, वर्ष 24 असे. बहुतेक अभ्यासक त्या शकाचा संबंध कुषाण किंवा क्षत्रप राजांशी जोडतात. शत्रूचं नाव कॅलेंडरला लागलं आणि पुढे त्यालाच आपण शालिवाहन जोडला. असो. पाडव्याला श्रीखंड खाताना हा वाद कुणी काढू नये.

मग सुट्टीत आम्ही नाशिकला गेलो, पुतणी, माझे वडील आणि मी. कारण या राजाचे महत्त्वाचे लेख पैठणला नाहीत, नाशिकच्या पांडवलेण्यांत आहेत. त्रिरश्मी डोंगर. लेणं क्रमांक 3. डोंगर चढून वर गेलात की दिसेल, खालून मोठमोठे यक्षासारखे गण सगळं लेणं खांद्यावर उचलून धरतायत. व्हरांड्यात छताखाली भिंतींवर ब्राह्मी अक्षरांच्या ओळी. लोक तिथे सेल्फी काढतात आणि पुढच्या लेण्यात जातात. त्यांची चूक नाही, तिथे उभं राहून ते वाचता कुणाला येतं? मी छापील वाचन घेऊन गेलो होतो म्हणून बरं.

तिथला सगळ्यात मोठा लेख राजाचा नाही, त्याच्या आईचा आहे. गौतमी बलश्री. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी गादीवर बसून 19 वं वर्ष चालू आहे, आजी म्हातारी झालेली, आणि ती हे लेणं भिक्षूंना दान देतेय. दान देता देता गेलेल्या मुलाबद्दल बोलते. अश्मक, मूलक, सुराष्ट्र, अपरान्त, विदर्भ, अवंती असे त्याच्या ताब्यातले देश मोजते. यातला मूलक म्हणजे आपला पैठणचा भाग. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं असं सांगते. शक, यवन, पल्हवांना त्यानं बुडवलं, क्षहरात वंशाचं नावनिशाण ठेवलं नाही, सातवाहन कुळाचं यश परत आणलं. क्षहरात म्हणजे नहपानाचं घराणं, ज्यानं नाशिकपासून कोकणापर्यंतचा मुलूख सातवाहनांकडून घेतला होता.

फ्लेक्सवर येतं ते एवढंच. आईनं मात्र अजून बरंच सांगितलंय. पुरवासीयांचं सुखदुःख तो आपलंच मानायचा. कर घेतला तो धर्मानं, आणि खर्चही तसाच केला. आणि अपराध केलेल्या शत्रूचाही जीव घ्यायची त्याला आवड नव्हती. वंश निरवशेष केला म्हणणाऱ्या त्याच लेखात हे पण आहे! दोन्ही कसं खरं असेल ते तिलाच माहीत. आईच ती. आणि चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला म्हणूनही तिनं त्याचं कौतुक केलंय, क्षत्रियांचा गर्व उतरवला म्हणूनही. हा भाग मी झाकून ठेवणार नाही. आजच्या आपल्या शहरात उभं राहून ते वाचताना बरं वाटत नाही, वाटूही नये. फक्त पुढे काय झालं तेही सांगतो. कान्हेरीच्या एका लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक घराण्यातली, महाक्षत्रपाची मुलगी असल्याचं लिहिलंय. म्हणजे याच सातवाहन घरात पुढे शकांची लेक सून म्हणून आली. आणि इसवी सन 150 च्या गिरनारच्या लेखात रुद्रदामन सांगतो की दक्षिणापथाच्या सातकर्णीला मी दोनदा हरवलं, पण जवळचं नातं म्हणून संपवलं नाही. आजीनं मोजलेल्या देशांपैकी सुराष्ट्र, अपरान्त, अवंती हे सगळे रुद्रदामनाच्या यादीत दिसतात. तीन समुद्रांचं राज्य एवढ्या लवकर आटलं.

पुतणीला हे फार आवडलं. तिच्या रामसेसचंही असंच आहे म्हणे. कादेशला निर्णायक विजय कुणाचाच झाला नाही, पण यानं अबू सिंबेल, लक्झर, कर्नाक, सगळीकडे भिंतीवर आपलाच विजय कोरून घेतला, आणि पंधराएक वर्षांनी हित्ती राजाशी तह केला. पुढे हित्ती राजकन्येशी लग्नही. "मग लढले कशाला?" तिचा प्रश्न. वडील म्हणाले, "लग्नाला वऱ्हाडी गोळा करायला." आमच्या वडिलांचं हे असं असतं.

फरक एक आहे. रामसेसनं स्वतःची स्तुती स्वतः कोरून घेतली. गौतमीपुत्राची स्तुती आहे ती आईनं केलेली, तो गेल्यावर. त्याच्या स्वतःच्या नावानं त्या लेण्यात जे कोरलंय, ती आहेत दोन सरकारी पत्रं. शेतजमिनीबद्दल. मी गेलो होतो ते खरं तर या पत्रांसाठी.

पहिलं पत्र राज्यवर्ष 18 चं. राजा सैन्याच्या विजयी छावणीत आहे. नहपानाचा नुकताच पाडाव झालेला असावा. आणि तिथून तो गोवर्धनच्या, म्हणजे आजच्या नाशिकजवळच्या, विष्णुपालित नावाच्या अमात्याला कळवतो की अपरकखडी गावातलं 200 निवर्तन शेत, जे ऋषभदत्ताकडे होतं, ते डोंगरावरच्या भिक्षूंना देत आहोत. त्या शेतात सरकारी माणसानं शिरायचं नाही, कुणी मीठ खणायचं नाही, अधिकाऱ्यांनी त्रास द्यायचा नाही.

हा ऋषभदत्त कोण, तर नहपानाचा जावई. शत्रूचा जावई. पण त्याच डोंगरावर 10 नंबरच्या लेण्यात त्याचे लेख आहेत आणि ते वाचून माणूस थक्क होतो. यानं भिक्षूंसाठी 3,000 कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींत ठेव म्हणून ठेवले. 2,000 एका श्रेणीत महिना शेकडा एक व्याजानं, 1,000 दुसरीत महिना शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण. आपल्या पतसंस्थांचे बुडालेले ठेवीदार हे वाचून रडतील. शक असलेला हा माणूस गाई दान करतोय, घाट बांधतोय, नारळाची रोपं देतोय. आणि त्याला हरवणारा राजा त्याचीच दानाची रीत पुढे चालवतोय, त्याच डोंगरावर, त्याच भिक्षूंसाठी. नहपानाची नाणीही त्यानं फेकली नाहीत. 1906 साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, 13,000 हून जास्त नाणी, सगळी मुळात नहपानाची. त्यातल्या 9,000 हून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला ठसा मारलाय, चैत्यासारखा डोंगर एका बाजूला, उज्जैनचं चिन्ह दुसऱ्या. खाली नहपानाचं नाकडोळ्याचं चित्र अजून दिसतं. आपल्या शहरात एकाच दुकानाच्या पाटीवर नवं नाव आणि शटरवर जुनं नाव दिसलं की मला ती नाणी आठवतात.

पण दुसरं पत्र. राज्यवर्ष 24. सहा वर्षं झाली आहेत. आता अमात्य बदललाय, श्यामक नावाचा आहे. आणि पत्र एकट्या राजाचं नाही, राजाचं आणि राजमातेचं मिळून आहे. तिचं नाव येत नाही, पण तिला एक विशेषण लावलंय, 'जीवसुता', जिचा मुलगा जिवंत आहे अशी. असं कुणी कशाला लिहील? काही अभ्यासकांना वाटतं राजा तेव्हा आजारी असावा. मला यातलं फार कळत नाही, पण पुढे तिनं कोरवलेल्या मोठ्या लेखात हा शब्द नाही, एवढं मी पाहिलं.

पत्रात आधी श्यामकाची खुशाली विचारायला सांगितलीय. मग मुद्दा. आम्ही त्रिरश्मी डोंगरावरच्या भिक्षूंना कखडी गावात पूर्वी शेत दिलं होतं. ते शेत कुणी कसत नाही. ते गाव वसत नाही. तेव्हा आता नगराच्या शिवेवर आमचं जे राजाचं शेत आहे, त्यातलं 100 निवर्तन यांना द्या.

मी हे वडिलांना वाचून दाखवलं. ते खांबाला टेकून उभे होते. म्हणाले, "परत वाच."

माझ्या आजोबांचं गाव नाथसागरात आहे. 'आहे' म्हणतो, कारण दुष्काळी उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की देवळाचा चौथरा आणि विहिरीचं तोंड उघडं पडतं, आणि गावाचे लोक नारळ घेऊन जातात. 1965 साली जायकवाडीचा पाया घातला गेला, 1976 ला धरण पूर्ण झालं. शंभरावर गावं बाधित. आमची नदीकाठची सतरा एकर काळी जमीन गेली. मोबदला मिळाला तो आज सांगितला तर हसाल. पर्यायी जमीन म्हणून दुसऱ्या तालुक्यात सात एकर मिळाली, तीही मुरमाड, आणि ताब्यात यायला नऊ वर्षं लागली. नाव सातबाऱ्यावर चढायला त्यानंतर आणखी काही. कुठल्या कार्यालयाचं नाव घेत नाही, ती माणसंही आता रिटायर होऊन गेली असतील. आजोबांची ती फाईल आमच्याकडे पत्र्याच्या पेटीत आहे, अर्जावर अर्ज, पोचपावत्या, 'सदर प्रकरणी कार्यवाही चालू आहे'. आजोबा दर सोमवारी एसटीनं जायचे. धोतर, टोपी, काखेत फाईल. वडील तेव्हा शाळेत होते, कधी कधी बरोबर जायचे, कारण आजोबांना वाचता येत नव्हतं.

आता त्या धरणाचं पाणी मी पितो. या शहराला ते पाचव्या, आठव्या दिवशी का होईना येतं, उद्योगांना येतं, खाली कालव्याला जातं. धरण नको होतं असं मी म्हणणार नाही, आजोबाही म्हणायचे नाहीत. ते म्हणायचे, "पाणी आलं ते बरंच झालं, पण आमाला इचारलं नाय."

रामसेसवर परत येतो, कारण पुतणीनं तिथेच, लेण्याच्या पायऱ्यांवर, मला हे सांगितलं. अबू सिंबेलचं देऊळ आज जिथे आहे तिथे मुळात नव्हतं. आस्वानच्या धरणात ते बुडणार होतं. 1964 ते 1968 मध्ये डोंगर कापून, देऊळ तुकड्या-तुकड्यांत सुटं करून जवळजवळ 65 मीटर वर नेऊन परत जोडलं. जगभरातून पैसा आला. म्हणजे आमच्याकडे पाया खणत होते तेव्हाच. तिथे बुडीत क्षेत्रात न्यूबियन लोकांची गावंच्या गावं होती, ती हलवली, लोक नदीकाठ सोडून लांब नव्या वसाहतींत गेले. राजाचे पुतळे मात्र आज जसेच्या तसे, तोंड उगवतीला करून बसलेत. पुतणीनं विचारलं, "आपल्या गावाचं देऊळ का नाही हलवलं?" वडील म्हणाले, "देव हलवला की. देऊळ राह्यलं." खरंच, गावठाणात नवीन सिमेंटच्या देवळात जो मारुती आहे तो जुनाच आहे. आजीनं जात्याची खालची तळी पण आणली होती. वरची आणायची राहून गेली.

कखडी गाव का ओसाड पडलं ते पत्रात लिहिलेलं नाही. पण मी आपला विचार करतो. नहपानाचा मुलूख, त्यावर गौतमीपुत्राची स्वारी, विजयी छावणी. विजयी छावणीला चारा लागतो, धान्य लागतं, बैल लागतात. पोस्टरवर तलवार दिसते. सैन्य गेल्यावर सहा वर्षांनीही ज्या गावात चूल पेटत नाही ते गाव पोस्टरवर कुठून येणार? आणि राजानं हे लपवलं नाही, याचं मला जास्त वाटतं. स्वतःच्याच विजयानंतर दिलेलं दान फुकट गेलं, जमीन पडीक आहे, गाव वसलेलं नाही, हे राजाच्या आणि राजमातेच्या नावानं दगडात कोरलं गेलं. कुठला राजा असं कोरू देतो? कुठलं सरकार देतं? मी भाबडेपणानं बोलत नाही. 200 चे 100 झाले हे मलाही दिसतं. पर्यायी जमीन देताना निम्मी करायची पद्धत किती जुनी आहे बघा. आणि भिक्षूंना बदली शेत मिळालं, कखडीच्या लोकांना काय मिळालं हे त्या भिंतीवर कुठेच नाही. ते कुठे गेले? गोदावरीच्या काठानं खाली आले असतील तर पैठणच्या बाजारातही आले असतील. तेव्हा नाशिक-पैठण एकच राज्य होतं. आता पाण्यासाठी कोर्टात असतो.

परतीच्या वाटेवर कारमध्ये वडील बराच वेळ गप्प होते. येवला मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, "त्या साधूंना ती शंभर तरी मिळाली का ताब्यात?"

मी कागद काढून बघितलं. पत्राच्या शेवटी सगळी नोंद आहे. प्रतिहारी लोटा नावाची बाई होती, लेख तिच्या हातून झाला. हुकमाची तारीख राज्यवर्ष 24, पावसाळ्याचा चौथा पंधरवडा, दिवस पाचवा. आणि सुजीविन नावाच्या माणसानं दस्त पुरा केल्याची नोंद, तेच वर्ष 24, उन्हाळ्याचा दुसरा पंधरवडा, दिवस दहावा.

"म्हणजे वर्षाच्या आत?"

"हो. निदान कागदावर."

वडिलांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत लावला. म्हणाले, "कागद माझ्याजवळ दे. पेटीत ठेवतो."